रेड्याचे वेद आणि गाढवाची तहान

पैठणच्या रेड्याची गोष्ट आपल्यातल्या बहुतेकांनी अक्षरओळख होण्याआधीच ऐकलेली असते. ज्ञानेश्वर आणि भावंडं शुद्धिपत्र मागायला पैठणला गेली. तिथे वाद झाला. सगळ्यांच्या ठायी आत्मा एकच असं म्हणतोस, मग तो समोरून चाललेला रेडा आणि तू एकच का रे, असं कुणीतरी खवचटपणे विचारलं. ज्ञानेश्वर हो म्हणाले. रेड्याच्या पाठीवर आसूड ओढला गेला आणि वळ उठले ज्ञानेश्वरांच्या पाठीवर. त्यानंतरचा चमत्कार सगळ्यांना ठाऊक आहे. रेडा वेद बोलला.

कॅलेंडरवर आणि शाळेच्या गॅदरिंगमध्ये यातलं काय टिकलं? वेद टिकले. वळांचा भाग कित्येकांना आठवतसुद्धा नाही. मला ही निवड फार बोलकी वाटते. रेडा मोठा ठरला तो माणसासारखा बोलला म्हणून. त्याआधी त्या रेड्याला स्वतःचं असं काय कळत होतं, हे विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

‘माणूस हा सर्व सजीवांत श्रेष्ठ आहे’ हे वाक्य आपण शाळेच्या निबंधापासून लग्नातल्या भाषणापर्यंत कुठेही ऐकतो आणि मान डोलावतो. ते खरं की खोटं हे ठरवायच्या आधी त्याची शिवण उसवून बघू, कारण त्यात दोन वेगळी कापडं जोडलेली आहेत.

पहिलं कापड क्षमतेचं. माणूस इतरांपेक्षा अमुक गोष्ट जास्त चांगली करतो. हे तपासता येतं, मोजता येतं, चूक निघालं तर सोडून देता येतं. दुसरं कापड मोलाचं. माणसाचं जगणं जास्त मोलाचं, त्याचं दुखणं जास्त महत्त्वाचं, म्हणून बाकीचे सजीव त्याच्या उपयोगासाठी. हे मोजता येत नाही. आपण बोलतो पहिल्याबद्दल आणि निष्कर्ष काढतो दुसऱ्याचा. गावातला पैलवान ताकदीने सगळ्यांच्या वर असतो, पण म्हणून रेशनच्या रांगेत त्याला कुणी पुढे घेत नाही. दात काढताना डॉक्टर पेशंटचे गणितातले मार्क विचारून मग भुलीचं इंजेक्शन देत नाहीत. माणसामाणसांत हा फरक आपल्याला चटकन कळतो. प्राण्यांपाशी आलो की शिवण दिसेनाशी होते.

आता ही समजूत आली कुठून? ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने सजीवांची उतरंड मांडली. खाली वनस्पती, वर प्राणी, त्यांच्यावर माणूस. युरोपातल्या ख्रिस्ती विद्वानांनी माणसाच्या वर देवदूत आणि देव बसवून ती शिडी पूर्ण केली. आपल्याकडे चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा आहे. त्यात नरदेह सगळ्यात दुर्लभ, कारण मोक्षाची दारं तिथूनच उघडतात. जैन परंपरेत सजीवांची विभागणी इंद्रियांच्या संख्येवर झाली, एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत. मात्र तिथे वर्गवारीचा उपयोग हिंसा टाळण्यासाठी झाला, हा फरक मोठा आहे. म्हणजे शिडी कुणा एका संस्कृतीची मिरास नाही. आणि गंमत अशी की शिडी जिथे जिथे रचली गेली तिथे तिथे ती रचणारा वरच्या पायरीवर बसलेला सापडतो.

या शिडीला पहिला धक्का बसला तो वर्गीकरणाच्या रुक्ष कामातून. स्वीडनच्या कार्ल लिनियसने सजीवांची नावनिशी करायला घेतली आणि माणसाला माकडांच्याच गटात टाकलं. 1758 साली त्याने आपल्याला ‘होमो सेपियन्स’ असं नाव दिलं. त्याचा अर्थ शहाणा माणूस. गट माकडांचा, नाव शहाण्याचं. धक्काही दिला आणि फुंकरही घातली. मग 1859 मध्ये चार्ल्स डार्विनचा उत्क्रांतीचा सिद्धांत छापून आला आणि शिडीच्या जागी झाड आलं. डार्विनने एका पुस्तकाच्या समासात स्वतःलाच बजावून ठेवलं होतं की ‘उच्च’ आणि ‘नीच’ हे शब्द वापरायचे नाहीत. पुढे त्यालाही ते पूर्ण पाळता आलं नाही, ते सोडा.

शिडी आणि झाड यांतला फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण आपल्याकडे अजूनही उत्क्रांती म्हणजे ‘माकडाचा माणूस झाला’ असंच सांगितलं जातं. वाकलेलं माकड, मग थोडं ताठ, मग आणखी ताठ आणि शेवटी भाला घेतलेला माणूस, हे चित्र टीशर्टवरही असतं. ते चित्र म्हणजे आडवी केलेली शिडीच. प्रत्यक्षात माथेरानला तुमच्या हातातला वडापाव पळवणारं माकड आपलं पणजोबा नाही, लांबचं चुलत भावंड आहे. चिंपांझी त्याहून जवळचं. सुमारे 60 ते 70 लाख वर्षांपूर्वी एक समान पूर्वज होता. त्याच्या वंशाची एक फांदी आपल्याकडे आली, दुसरी चिंपांझींकडे गेली. दोघांच्याही फांद्या तेव्हापासून आजपर्यंत तेवढीच वर्षं वाढताहेत. इतकंच कशाला, तुमच्या दह्यातला जिवाणू घ्या. पृथ्वीवर जीवसृष्टी सुरू होऊन किमान साडेतीनशे कोटी वर्षं झाली आहेत. तो जिवाणू आणि तुम्ही, दोघंही त्या सगळ्या वर्षांचा अखंड वारसा घेऊन आज इथे पोचला आहात. त्याच्या घराण्यातही मधली एक पिढी गळलेली नाही. मग ‘मागासलेला’ कोण?

झाडाला शेंडा असतो असं कुणी म्हणेल. असतो, पण वडाच्या झाडाचा शेंडा दाखवा पाहू.

बरं, क्षमतेकडे वळू. माणसाला वेगळं ठरवणाऱ्या रेषा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत कशा हलल्या, हा इतिहास मोठा मजेशीर आहे. बराच काळ म्हटलं जायचं, माणूस हा हत्यारं बनवणारा प्राणी. 1960 मध्ये टांझानियाच्या गोम्बे जंगलात जेन गुडाल या तरुणीने एका चिंपांझीला वाळवीच्या वारुळात काडी घालून वाळवी बाहेर काढून खाताना पाहिलं. फांदीची पानं ओरबाडून तो काडी तयारही करत होता. तिने तार केली तेव्हा तिचे मार्गदर्शक लुई लीकी यांनी कळवलं की आता हत्यार या शब्दाची व्याख्या बदला, नाहीतर माणूस या शब्दाची बदला, नाहीतर चिंपांझीला माणूस म्हणा. व्याख्याच बदलल्या गेल्या. मग 2002 मध्ये ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेत बेट्टी नावाच्या न्यू कॅलेडोनियन कावळिणीने सरळ तार वाकवून आकडा केला आणि नळीतलं छोटं भांडं वर ओढून काढलं. आता मामला वानरकुळाच्याही बाहेर गेला.

शेतीचं बघा. शेती हा तर संस्कृतीचा पाया, खास माणसाचा. माणूस शेती करायला लागून दहा-बारा हजार वर्षं झाली. आणि आपल्या बांधावरच्या वारुळात? वारूळ म्हटलं की आपल्याला नाग आठवतो, पण ते बांधते वाळवी. आपल्याकडच्या कित्येक वारुळांतली वाळवी जमिनीखाली बुरशीचे मळे लावते. वाळलेलं गवत, लाकूड, पाचोळा खाऊन ती वारुळात येते, अर्धवट पचलेल्या विष्ठेचे स्पंजासारखे वाफे रचते आणि त्यावर एकच खास बुरशी वाढवते. लाकडातलं जे वाळवीला पचत नाही ते बुरशी मोडून देते आणि मग वाळवी तो तयार माल खाते. नको ती बुरशी उगवली तर निंदणी होते. आत हवा खेळती राहावी म्हणून वारुळाची रचनाच तशी असते. हा उद्योग काही कोटी वर्षं चालू आहे. पावसाळ्यात त्या बुरशीला फळं धरतात आणि ती वारुळातून वर येतात. कोकणात त्यांना अळंबी म्हणतात, गोव्यात अळमी, पूर्व विदर्भात सात्या. श्रावणात अळंबीचं कालवण मिटक्या मारत खाणारे आपण दुसऱ्याच्या शेतातलं पीक चोरून खात असतो. गोव्यात सातेरी देवीची पूजा वारुळाच्याच रूपात होते, तेव्हा त्या मातीच्या ढिगाला मोठेपण देणारे लोक अगदीच नव्हते असंही नाही.

वाळवी हे सगळं समजून-उमजून करते का? तसं मानायला आधार नाही. एकेका वाळवीला आराखडा ठाऊक नसतो. हा आक्षेप मला मान्य आहे. पण मग तुमचं यकृत किंवा जखम भरून येणं हेही तुम्ही समजून-उमजून करत नाही, आणि त्याचा मोठेपणा मात्र आपण आपल्या खात्यात जमा करतो.

क्योटोमधल्या आयुमू या चिंपांझीची गोष्ट 2007 पासून खूप फिरली. पडद्यावर आकडे क्षणभर चमकायचे, मग त्यांच्या जागी पांढरे चौकोन यायचे, आणि आयुमू चढत्या क्रमाने ते चौकोन दाबायचा. आकडे सेकंदाच्या पाचव्या भागाइतकाच वेळ दिसले तेव्हा त्याने विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना मागे टाकलं. ‘चिंपांझी माणसापेक्षा हुशार’ अशा बातम्या झाल्या. नंतर काही संशोधकांनी दाखवलं की भरपूर सराव केला तर माणसंही त्याची बरोबरी करतात. मला या किश्शातला निकाल फारसा महत्त्वाचा वाटत नाही. आम्ही हरलो म्हटल्यावर जी धावपळ झाली ती जास्त शिकवणारी आहे.

याच्याही आधीचा, शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचा बर्लिनचा हान्स नावाचा घोडा घ्या. मालकाने बेरीज-वजाबाकी विचारली की हान्स खुराने जमिनीवर तितके ठोके द्यायचा. लोक लांबून बघायला यायचे. हा आपल्या रेड्याचाच जर्मन भाऊ! 1907 मध्ये ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने छडा लावला. विचारणाऱ्याला स्वतःलाच उत्तर माहीत नसलं किंवा तो घोड्याला दिसत नसला तर हान्स चुकायचा. ठोके बरोबर आकड्याशी आले की विचारणाऱ्याचं डोकं नकळत अगदी किंचित हलायचं आणि हान्स तेवढं टिपून थांबायचा. सगळे हिरमुसले, म्हणे घोड्याला गणित येतच नाही. पण विचार करा. जी हालचाल करणाऱ्यालाही ठाऊक नव्हती, हुशार परीक्षकांच्या अख्ख्या मंडळालाही दिसली नव्हती, ती त्या घोड्याला दिसत होती. परीक्षा गणिताची होती म्हणून तो नापास.

आरशाची परीक्षाही अशीच. प्राण्याच्या चेहऱ्यावर ठिपका लावायचा आणि आरसा दाखवायचा. त्याने स्वतःचा ठिपका पुसला तर त्याला ‘मी’पणाची जाण आहे असं धरायचं. 1970 मध्ये चिंपांझी पास झाले, 2006 मध्ये न्यूयॉर्कची हॅपी नावाची हत्तीण. कुत्री नापास. पण कुत्र्याचं जग नाकाचं. पुढे वासाची परीक्षा घेतली तेव्हा कुत्र्यांनी स्वतःच्या लघवीचा वास आणि त्यात काही मिसळून बदललेला वास यांत फरक केला, बदललेल्या वासापाशी जास्त वेळ रेंगाळली. आपल्याला उलटी परीक्षा द्यायला लावली, म्हणजे दहा जणांच्या शर्टांतून वासावर स्वतःचा ओळखा अशी, तर किती जण छाती ठोकून पुढे येतील?

इथवर वाचून कुणी चिडलंही असेल. सगळं खरं, पण लस कुणी काढली? चंद्रावर कोण गेलं? आणि ‘माणूस श्रेष्ठ आहे का’ हा प्रश्न तरी वाळवीला पडतो का? आक्षेप वजनदार आहे आणि तो उडवून लावू नये. माणसाजवळ एक विलक्षण गोष्ट आहे. एका पिढीने शिकलेलं पुढची पिढी उचलते, त्यात भर घालते आणि तिच्या पुढचीला देते. भाषा आणि लिपी यांमुळे हा साठा फुगत जातो. इतर प्राण्यांतही शिकलेल्या गोष्टी पिढ्यांतून उतरतात, पण इतका ढीग कुणी रचलेला दिसत नाही. मोबाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने बनवू शकेल असा माणूस जगात नाही, तरी मोबाइल बनतो. फरक खरा आहे. तो नाकारून प्राणिप्रेम दाखवायची मला गरज वाटत नाही.

मात्र तो फरक पहिल्या कापडाचा आहे. त्यातून दुसरं आपोआप निघत नाही. निघतं म्हणायचं तर तान्ह्या बाळाचं काय, स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांचं काय? त्यांनाही लस काढता येत नाही. त्यांच्या वेदनेचं मोल आपण बुद्धीच्या फूटपट्टीवर ठरवत नाही, आणि ठरवणाऱ्याला माणूस म्हणत नाही. इंग्लंडच्या जेरेमी बेंथमने 1789 मध्येच प्रश्न फिरवून विचारला होता. प्राण्यांना विचार करता येतो का, बोलता येतं का, हा मुद्दा सोडा. त्यांना दुःख होतं का, ते सांगा. 2012 साली केंब्रिजमध्ये मेंदूशास्त्रज्ञांच्या एका गटाने जाहीरनामा काढून म्हटलं की जाणिवेसाठी लागणारी मेंदूतली यंत्रणा एकट्या माणसाजवळ नाही. सस्तन प्राणी, पक्षी आणि ऑक्टोपससारखे इतर काही प्राणी यांच्याजवळही ती आहे. गोठ्यात वाढलेल्या कुणालाही हे सांगायला जाहीरनाम्याची गरज पडली नसती, पण असो.

श्रेष्ठत्वाच्या कल्पनेत आणखी एक गृहीत दडलेलं असतं. ते आपल्यावर अवलंबून, आपण मालक. हे तपासायला गिधाडाइतकं चांगलं उदाहरण नाही. माणसाला शिवी म्हणून ज्याचं नाव वापरतात तो पक्षी. मेलेलं जनावर गावाबाहेर टाकलं की काही तासांत हाडं उरायची. गिधाडाच्या पोटातलं आम्ल इतकं जहाल की सडक्या मांसातले भलेभले जंतू तिथेच संपतात. नव्वदच्या दशकात ही गिधाडं झपाट्याने मरायला लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातली संख्या 1992 ते 2007 या काळात 99.9 टक्क्यांनी घटली. कारण 2004 मध्ये उघड झालं. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. औषध दिलेलं जनावर मेलं की ते गिधाडाच्या पोटात जायचं आणि त्याची मूत्रपिंडं निकामी व्हायची. 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, पण तोवर आभाळ रिकामं झालं होतं.

मग मेलेली जनावरं पडून राहिली. भटकी कुत्री वाढली, पाणवठे नासले. 2024 मध्ये दोन अर्थतज्ज्ञांनी, जिथे पूर्वी गिधाडं होती ते जिल्हे आणि जिथे फारशी नव्हतीच ते जिल्हे यांची तुलना करून अंदाज बांधला की 2000 ते 2005 या काळात गिधाडं नाहीशी झाल्यामुळे भारतात सुमारे 5 लाख जास्तीची माणसं दगावली. हा हिशोबाने काढलेला अंदाज आहे, एकेक प्रेत मोजून काढलेला आकडा नाही. पण निम्माच खरा धरला तरी पोटात गोळा येतो. मुंबईत मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत पारशी समाजाचे अंत्यविधी पिढ्यान्‌पिढ्या गिधाडांवर विसंबून होते. गिधाडं गेल्यावर तिथे सूर्यकिरण एकवटणारी यंत्रणा बसवावी लागली. इतक्या हुशार माणसाला एका पक्ष्याची जागा भरताना केवढी यातायात!

आणि हे बाहेरचं झालं. तुमच्या शरीरातच बघा. 2016 च्या हिशोबाप्रमाणे एका माणसात स्वतःच्या पेशी सुमारे 30 लाख कोटी आणि जिवाणू सुमारे 38 लाख कोटी. मतदान घेतलं तर आपण आपल्याच अंगात अल्पमतात जाऊ. पृथ्वीवरच्या सगळ्या सजीवांचं वजन कार्बनमध्ये मोजलं तर माणसं भरतात साधारण दहा हजारांत एक भाग. पण सस्तन प्राण्यांपुरतं पाहिलं तर 36 टक्के आपण, 60 टक्के आपली गुरंढोरं, आणि हत्ती-देवमाशांपासून उंदरापर्यंत सगळे रानातले-समुद्रातले मिळून 4 टक्के. दहा हजारांतल्या एका भागाने एवढी जागा अडवली, याला श्रेष्ठपणा म्हणायचं की आणखी काही, ते ज्याचं त्याने ठरवावं.

हा सगळा वाद महाराष्ट्रात तत्त्वज्ञानाच्या वर्गात झाला नाही, झाला तो बैलगाडा शर्यतींच्या घाटात. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतलं जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातल्या शर्यती बंद केल्या. त्या निकालात न्यायालयाने थेट हाच प्रश्न हाताळला की फक्त माणसाला केंद्रस्थानी ठेवून कायद्याकडे बघायचं का. राज्यघटनेत प्राणिमात्रांविषयी करुणा हे नागरिकाचं कर्तव्य म्हणून आहेच. पुढे 2017 मध्ये महाराष्ट्राने कायदा बदलला, 2021 च्या डिसेंबरात शर्यती परत सुरू झाल्या आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. प्राण्यांना मूलभूत हक्क आहेत, असं त्या पीठाने मानलं नाही.

माझं मन यात एका बाजूला पूर्ण झुकत नाही. शर्यतीचा बैल लेकरासारखा सांभाळणारी घरं आहेत. शेपटी पिरगाळून, टोचून पळवणारेही आहेत. पण आपल्याकडच्या शेतकऱ्याला बैलाचं दुखणं कळत नव्हतं, असं कुणी म्हणू नये. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. वर्षभर जू घासून घट्टे पडलेल्या खांद्याला हळद आणि तूप चोळतात आणि म्हणतात, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ तूप शिंगांना नाही लावत, खांद्याला लावतात. दुखतं कुठे हे नेमकं ठाऊक असतं. परवापासून पुन्हा जू, हेही ठाऊक असतं.

शिडी काढून टाकली की सगळे प्रश्न सुटतात, अशी कुणी समजूत करून घेऊ नये. त्या वेद बोलणाऱ्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यातल्या आळे गावी आहे. भाविक मनोभावे हात जोडतात. आजूबाजूच्या शिवारात ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे. बिबट्याच्या माद्या उसातच पिल्लं घालतात. अंगणात खेळणारी लहान मुलं त्या भागात बिबट्याने उचलली आहेत. ज्या घरातलं मूल गेलं त्या घरापुढे जाऊन ‘बिबट्याही आपल्यासारखाच’ असं बोलायची हिंमत मला नाही, आणि बोलूही नये. तिथे पिंजरे लागतात, काही बिबटे माणिकडोहच्या केंद्रात जन्मभरासाठी जातात. आपल्या मुलाला वाचवणं हे कुठल्याही प्राण्याला समजेल असं कारण आहे. त्यासाठी बिबट्यापेक्षा श्रेष्ठ असण्याची गरज पडत नाही. बिबट्याची मादीही तेच करते.

रेड्याच्या गोष्टीइतकीच प्रसिद्ध दुसरी गोष्टही पैठणच्याच संताची आहे. एकनाथ काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वराला निघाले होते. महिनोन्‌महिने खांद्यावर वाहिलेलं पाणी. वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव तडफडत होतं. नाथांनी कावड उतरवली आणि ते पाणी त्याच्या तोंडात ओतलं. या गोष्टीत गाढव वेद म्हणत नाही. त्याची परीक्षा कुणी घेत नाही, ते हुशार आहे की मठ्ठ याची चौकशी होत नाही. पाणी पिऊन ते उठतं आणि आपल्या वाटेने निघून जातं.